काट्याचं वजन, दराचा नियम

वाघोलीत खडी न्यायला आलेल्या गाडीचा काटा दोनदा होतो, आधी रिकाम्या गाडीचा आणि मग भरलेल्या. प्लॅटफॉर्मखालचे लोडसेल भार मोजतात, इंडिकेटर तो किलोत दाखवतो आणि तोच आकडा सिरियल केबलमधून काट्याच्या खोलीतल्या संगणकात जातो. तिथला प्रोग्रॅम वजाबाकी करतो, गाडी नंबर, पार्टी आणि माल नोंदवतो, रक्कम काढतो, पावती छापतो. यातली जवळजवळ सगळी कामं वर्षानुवर्षं तशीच राहतात. रक्कम काढण्याचं काम मात्र महिनाभरही एका जागी ठरत नाही. खडीचा दर वेगळा, क्रश सँडचा वेगळा, डस्टचा तिसराच. कुणाचा हिशेब टनावर, कुणाचा ब्रासवर. जुन्या गिऱ्हाइकाच्या महिन्यात ठरावीक गाड्या भरल्या की पुढच्या गाड्यांना सूट. पावसाळ्यात ओल्या मालाची तूट धरायची की नाही, यावर मालक आणि पार्टी यांचं दरवर्षी नव्याने वाजतं.

या पुस्तिकेचा विषय असा: जे बदलत नाही ते सी, सी++ किंवा रस्टसारख्या भाषेत पक्कं लिहायचं, आणि जे सारखं बदलतं ते त्याच प्रोग्रॅमच्या पोटात बसवलेल्या लुआ, पायथन किंवा टिकलसारख्या स्क्रिप्टिंग भाषेत ठेवायचं. 'पोटात' हा शब्द अक्षरशः घ्यावा. स्क्रिप्ट चालवायला दुसरा प्रोग्रॅम सुरू होत नाही. भाषेचा इंटरप्रीटरच लायब्ररी म्हणून आपल्या प्रोग्रॅमला जोडलेला असतो, त्याच प्रोसेसमध्ये आणि त्याच मेमरीत राहतो. सगळी सोय त्यातूनच येते, आणि सगळे धोकेही.

काट्याचं उदाहरण पुस्तिकाभर वापरलं आहे, कारण वाघोलीत दोन्ही बाजू एकाच नगर रस्त्यावर भेटतात. इथे खाणी आणि क्रशर आहेत, इथेच अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आणि पुण्याच्या दिशेने थोडं गेलं की खराडीच्या आयटी कंपन्या लागतात. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेलं, तरी ही सरमिसळ तशीच आहे. या महाविद्यालयांतल्या मुलांना सी येतं आणि पायथनही येतं. पण दोन्ही दोन वेगळ्या सत्रांत, दोन वेगळ्या पेपरांसाठी शिकलेलं असतं. एक भाषा दुसरीला आतून हाक मारते तेव्हा नेमकं काय घडतं, हे कुठल्याच पेपरात येत नाही.

आता काट्याच्या प्रोग्रॅममध्ये दराचा नियमही सी-मध्येच लिहिला तर काय होतं? दर बदलला की कोड बदला, कंपाइल करा, नवी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा, काटा थांबवा. तोवर मागे डंपरची रांग. हे दोन-तीनदा झालं की कुणालाही पहिला उपाय सुचतो तो म्हणजे सेटिंगची फाइल. फाइलीत दर लिहिला, काम भागलं. मग पार्टीनुसार दर आले, म्हणून फाइलीत पार्ट्यांची नावं आली. मग 'इतक्या टनांच्या वर' अशी अट आली, म्हणून तिथे 'जर' आला. दोन अटी एकत्र आल्या, म्हणून 'आणि', 'किंवा' आणि कंस आले. वर्ष-दीड वर्षात त्या फाइलीची एक भाषा होऊन बसते. ती कुणी आखलेली नसते. चूक झाली तर ती ओळ क्रमांक सांगत नाही, तिला फंक्शन नसतं, आणि ती वाचणारा पार्सर ज्याने लिहिला तो नोकरी बदलून गेलेला असतो. नवखे लोक स्क्रिप्टिंग भाषा उगाच बसवतात अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. माझं मत उलट आहे. बहुतेक जण ती फार उशिरा बसवतात, अशी घरगुती भाषा गळ्यात पडल्यावर.

लुआचा जन्म नेमका या वळणावर झाला. ब्राझीलच्या रिओ द जानेरोमधल्या कॅथलिक विद्यापीठात टेकग्राफ नावाचा संगणक-आलेखन गट होता आणि सरकारी तेल कंपनी पेट्रोब्रास हे त्याचं मोठं गिऱ्हाईक. या कंपनीसाठी दोन छोट्या भाषा तयार झाल्या होत्या. एक 'डेल', माहिती भरण्याचे फॉर्म वर्णन करण्यासाठी. दुसरी 'सोल', खडकांच्या थरांचे अहवाल हवे तसे काढता यावेत म्हणून. दोन्ही खरं तर वर्णनाच्या भाषा होत्या, म्हणजे आपल्या सेटिंगच्या फाइलीच्याच थोरल्या बहिणी. वापरणाऱ्यांनी मग मागायला सुरुवात केली: अटी हव्यात, लूप हवं, फंक्शन हवं. आणि ते वापरणारे व्यावसायिक प्रोग्रॅमर नव्हते, तेल कंपनीतले अभियंते आणि भूगर्भशास्त्राचे जाणकार होते. १९९३ मध्ये रॉबर्तो येरुसालिम्स्की, लुइझ एन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी दोन्ही भाषा मोडीत काढून एक नीट भाषा केली. ती लुआ.

तयार भाषा का घेतली नाही? टिकल तेव्हा होती, पण ती फक्त युनिक्सवर चालत असे आणि तिची मांडणी या लोकांना परकी वाटे. त्यात १९७७ ते १९९२ ब्राझीलमध्ये संगणक क्षेत्राला आयातीपासून कडक संरक्षण होतं. बाहेरचं घेणं अवघड असल्यामुळे पेट्रोब्राससारख्या संस्थांना आणि त्यांच्या पुरवठादारांना स्वतः घडवायची सवय लागली होती. पुणेकरांना हे ऐकताना काहीतरी ओळखीचं वाटेल. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० आला. तिथे दार आतून लावलेलं होतं, इथे बाहेरून. पण दारापलीकडचं मिळत नाही म्हणून हाताशी असलेल्यातून काहीतरी नेटकं करायचं, हा स्वभाव दोन्हीकडे दिसतो. लुआचा आटोपशीरपणा त्यातूनच आला असं मला वाटतं. आजही तिचा पूर्ण स्रोत साधारण तीस हजार ओळींचा शुद्ध सी आहे. तो कुठल्याही सी कंपायलरवर बनतो, आणि बनलेला इंटरप्रीटर काहीशे किलोबाइटांत मावतो.

टिकलची गोष्ट या आधीची आणि तितकीच बोलकी. जॉन औस्टरहाउट बर्कलीत चिप आखण्याची साधनं लिहीत. प्रत्येक साधनाला आज्ञा द्यायची वेगळी भाषा, आणि प्रत्येक भाषा अर्धीकच्ची, कारण लिहिणाऱ्याचं लक्ष चिपवर, भाषेवर नाही. भाषा एकदाच नीट लिहावी, ती लायब्ररीच्या रूपात असावी आणि कुठल्याही साधनात बसवता यावी, या विचारातून १९८८ मध्ये त्यांनी टिकल लिहायला घेतली. म्हणजे बसवण्यासाठीच जन्मलेली भाषा. चिप उद्योगाने ती आजतागायत सोडलेली नाही. व्हीएलएसआयच्या प्रयोगशाळेत व्हिवाडो हे चिप आखण्याचं सॉफ्टवेअर उघडा आणि माउसने काहीही करा, खालच्या पट्टीत त्याच कृतीची टिकल आज्ञा उमटलेली दिसेल. पुण्यातल्या वाहन उद्योगाचं तर याहून गमतीचं आहे. गाड्यांच्या मजबुतीची गणितं करणारे सीएई अभियंते हायपरमेशमध्ये वर्षानुवर्षं टिकलचे मॅक्रो लिहीत आले. एकमेकांना ईमेलने पाठवत आले, नावं बदलून वापरत आले. त्यातल्या कित्येकांना विचारा, 'तुम्ही प्रोग्रॅमिंग करता का?' तर 'छे, आपलं काम मेशिंगचं' असं उत्तर मिळेल. स्क्रिप्टिंग भाषा बसवण्याचं खरं यश मी यात मोजतो. मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या यादीत ज्यांचं नाव कधी येणार नाही, त्यांना त्या प्रोग्रॅमच्या वागणुकीत हात घालता येतो.

मात्र एक प्रश्न या सगळ्यात आधी सोडवावा लागतो, आणि तो सोडवायला जवळचंच आणि फार चांगलं उदाहरण आहे. मालक कोण? सी-चा प्रोग्रॅम मालक आणि पायथन त्याच्या पोटात, की पायथन मालक आणि सी त्याला जोडलेली लायब्ररी?

नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. तिचा कारभार पाहणारं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. दुर्बिणीतून येणाऱ्या कच्च्या माहितीतून आकाशाची प्रतिमा काढायला जगभरचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ 'कासा' नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्याचा गाभा सी++ मध्ये आहे, कारण माहिती प्रचंड आणि गणित जड. त्याच्या पूर्वजात वरची भाषा 'ग्लिश' नावाची होती, ती फक्त त्या वर्तुळातच माहीत. पुढे तिच्या जागी पायथन आला. कित्येक वर्षं कासा सुरू केलं की त्यासोबत आलेला, त्याने स्वतः बांधून आणलेला पायथन सुरू होई. तुमच्या संगणकावरचा पायथन वेगळा, कासाच्या आतला वेगळा. तुम्हाला एखादी नवी लायब्ररी हवी असली तर ती आतल्या जुन्या पायथनात घुसवताना नाकी नऊ येत. सहाव्या आवृत्तीपासून नातं उलटलं. कासाची साधनं आता साध्या पायथनात इतर कुठल्याही पॅकेजसारखी बसवता येतात. सी++ चं वजन तेच, गणित तेच, पण मालक बदलला.

याच कासावर रुता काळे आणि सी. एच. ईश्वर-चंद्र यांनी जीएमआरटीच्या सुधारित रूपासाठी 'कॅप्चर' नावाची पाइपलाइन लिहिली आणि २०२१ मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. नंतर तिचं कासा ६ साठीचं रूपही आलं. तिची रचना नीट पाहण्यासारखी आहे. सगळ्यात खाली सी आणि सी++. जीएमआरटीच्या स्वतःच्या स्वरूपातली माहिती सर्वमान्य स्वरूपात आणणारे छोटे प्रोग्रॅम तिथेच आहेत. त्यावर पायथनची स्क्रिप्ट, ज्यात खगोलशास्त्रज्ञाचा विचार क्रमाने मांडलेला. आणि अगदी वर एक साधी सेटिंगची फाइल, ज्यात निरीक्षकाने कुठली पायरी करायची आणि कुठली वगळायची तेवढं सांगायचं. मघाशी मी सेटिंगच्या फाइलीला नावं ठेवली, पण इथे ती शोभते, कारण तिच्या खाली खरी भाषा आहे. ज्याला फक्त निवड करायची आहे त्याला फाइल पुरते. ज्याला नियम बदलायचा आहे तो एक पायरी खाली उतरतो. फाइलीतच नियम कोंबायची वेळ कुणावर येत नाही.

तर मालक कोण, याला माझं उत्तर: संशोधनासाठी, माहितीच्या विश्लेषणासाठी, एकदा चालवून निकाल घ्यायच्या कामासाठी पायथन मालक असू द्या आणि सी++ त्याला जोडा. जगभरचा अनुभव त्या बाजूचा आहे. पण प्रोग्रॅम दिवसरात्र चालणारा असेल, त्याच्या हातात यंत्र, केबल किंवा इतरांचे पैसे असतील, तर मालकी सी-कडेच हवी आणि स्क्रिप्टला बोलावलं तेव्हाच बोलायची परवानगी हवी. काटा दुसऱ्या प्रकारात मोडतो. डेटाबेस, वेब सर्व्हर, राउटरही तिथेच. ही पुस्तिका त्या दुसऱ्या प्रकाराची आहे.

काट्याच्या बाबतीत तर मालकीची रेषा निम्मी कायद्यानेच आखून दिली आहे. वजनकाटा वैध मापन शास्त्र विभागाकडून तपासून, मुद्रांकित करून घ्यावा लागतो. म्हणजे वजनाचा आकडा हा मालकाच्या मर्जीचा विषय नाही. आपल्या रचनेत याचा अर्थ असा की स्क्रिप्टला वजन वाचता येईल, वजन बदलता येणार नाही. ओल्या मालाची तूट धरायची तर ती वेगळा आकडा म्हणून परत द्यायची, पावतीवर वेगळ्या ओळीत छापायची. लुआत हे करायला काही अवघड नाही. सी-ने वजन देणारं फंक्शन उपलब्ध करायचं, वजन ठेवणारं करायचंच नाही. जी हाक अस्तित्वातच नाही ती कुणी चुकून किंवा मुद्दाम मारू शकत नाही. पुस्तिकेतलं चौथं प्रकरण पूर्णपणे यावर आहे, आणि घाई असेल त्याने तेवढं वाचलं तरी चालेल.

सी आणि लुआ यांचा सगळा व्यवहार एका स्टॅकवरून होतो. सी-ने आकडा ठेवला, लुआने उचलला. लुआने उत्तर ठेवलं, सी-ने उचललं. लुआच्या टेबलाचा थेट पत्ता सी-च्या हाती कधीच येत नाही. सुरुवातीला हे सगळ्यांना जाचक वाटतं. सरळ पॉइंटर दिला असता तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं ते असं: लुआची कचरा उचलणारी यंत्रणा आपल्या सोयीने मेमरी मोकळी करते, आणि सी-ने कुठला पॉइंटर जपून ठेवलाय हे तिला कळायला मार्ग नाही. अक्षरमालेचा पॉइंटर मात्र मिळतो. ती अक्षरमाला लुआकडे जिवंत असेपर्यंतच तो वैध. स्टॅकवरून ती काढली आणि दुसरीकडे कुठेही तिचा उल्लेख उरला नाही, की पॉइंटर केव्हाही हवेत. चाचणीत हे पकडलं जात नाही, कारण चाचणीत कचरा उचलायची वेळच आलेली नसते. पार्टीचं नाव घेतलं की ताबडतोब आपल्या जागेत उतरवून घ्यावं.

अक्षरमालेवरून आणखी एक. 'वाघोली' या नावाची लांबी किती? पावती वाचणारा म्हणेल तीन अक्षरं. पायथन सांगेल सहा, कारण व, काना, घ, ओकार, ल आणि दीर्घ वेलांटी हे युनिकोडमधले सहा वेगळे संकेत. लुआचं लांबीचं चिन्ह आणि सी-चं लांबीचं फंक्शन दोन्ही सांगतील अठरा, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटांचा. पावतीच्या रकान्यात नाव दहा बाइटांवर तोडलं तर तीन संकेत पूर्ण मावतात आणि चौथ्याचा एक तुकडा लोंबकळत राहतो, तिथे प्रिंटर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह छापतो. लुआच्या ५.३ पासून यूटीएफ-८ ची छोटी लायब्ररी सोबत येते, ती सहा सांगते. तीन सांगणारं तिच्यात काही नाही, ते आपल्यालाच लिहावं लागतं. पुस्तिकेत लिहून दिलं आहे. इंग्रजी पुस्तकांत हे प्रकरण सहसा सापडत नाही, कारण त्यांना ही अडचण फारशी भेटत नाही. पायथन ३ मध्ये 'दर' किंवा 'सूट' अशी चलांची नावं देवनागरीत चालतात आणि लुआत चालत नाहीत, ही लुआची उणीव मी मान्य करतो. काट्यावरच्या माणसाला नियम वाचता यावा असं वाटत असेल तर ही बारीक गोष्ट नाही.

आकड्यांचंही असंच. जुन्या लुआत, म्हणजे ५.२ पर्यंत, पूर्णांक हा प्रकारच वेगळा नव्हता, सगळे आकडे दशांशाचे. रेडिस या प्रसिद्ध डेटाबेसच्या पोटात लुआ ५.१ बसलेली आहे. तिथल्या स्क्रिप्टने ३.३३ परत दिले तर गिऱ्हाइकाच्या हाती ३ पडतात, अपूर्णांक गुपचूप गळतो. रक्कम नेहमी पैशांत, वजन नेहमी किलोत, दोन्ही पूर्णांकात ठेवा, म्हणजे हा विषयच संपतो.

आता चुका. लुआत जे चल कुठेच ठरवलेलं नाही त्याची किंमत 'निल'. कुणी दराच्या नावात एक अक्षर चुकवलं तर लुआ लगेच ओरडत नाही. त्या निलने गुणाकार करायची वेळ आली की मग ओरडते, म्हणजे पहिली गाडी काट्यावर उभी राहिल्यावर. ती चूक सी-ने झेलायची तयारी केलेली नसेल तर लुआ अख्खा प्रोग्रॅम बंद करते. म्हणून स्क्रिप्टला बोलवायचं ते कायम 'पी-कॉल'मधून, ज्यात चूक झाली तर निरोप परत येतो आणि प्रोग्रॅम जिवंत राहतो. इतकं सगळ्या पुस्तकांत असतं. त्यापुढचं मला महत्त्वाचं वाटतं: निरोप आल्यावर करायचं काय? कालचा नियम वापरून पावती छापायची? माझ्या मते नाही. वजन नोंदवावं, गाडी सोडावी, रक्कम रिकामी ठेवावी. चुकीची रक्कम छापलेली पावती महिन्याच्या हिशेबात भांडण लावते, रिकामी पावती फार तर दुसऱ्या दिवशी भरून घ्यावी लागते.

चुकीमागे एक यांत्रिक भानगडही आहे. लुआ चूक झाली की सी-च्या 'लाँगजंप'ने थेट वर उडी मारते आणि मधली सी-ची फंक्शनं अर्धवट सोडते. त्यांनी घेतलेली मेमरी, उघडलेली फाइल, लावलेलं लॉक तसंच राहतं. सी++ मध्ये वस्तूंची आवराआवर करणारे डिस्ट्रक्टरही चुकू शकतात, म्हणून तिथे लुआच सी++ म्हणून कंपाइल करून घेतात. रस्टमध्ये 'एम-लुआ' हे क्रेट, म्हणजे रस्टची लायब्ररी, ही उडी बऱ्यापैकी बंदिस्त करतं. रस्टची नवी मंडळी यावर खूश असतात आणि त्यांनी असावंच.

वेळेचा प्रश्न सर्वांत कमी शिकवला जातो. स्क्रिप्टमध्ये न संपणारं लूप पडलं तर? पुन्हा रेडिसकडे पाहू. २०१२ च्या २.६ आवृत्तीपासून तिथे लुआ स्क्रिप्ट चालवता येते, आणि स्क्रिप्ट चालू असताना दुसरं काहीही चालत नाही. हे मुद्दाम तसं आहे. स्क्रिप्टमधल्या सगळ्या पायऱ्या एकसंध व्हाव्यात, मध्ये कुणी घुसू नये, हीच तर तिची किंमत. पण लूप अडकलं की सगळ्या गिऱ्हाइकांचं काम अडकतं. ठरलेल्या पाच सेकंदांनंतर रेडिस इतरांना 'मी गुंतलोय' एवढं सांगू लागतो, स्क्रिप्ट मात्र आपणहून मारत नाही. तिने अजून काही लिहिलं नसेल तर ती मारायची आज्ञा आहे. लिहिलं असेल तर मारल्यावर माहिती अर्धवट राहील, म्हणून तीही नाकारली जाते. मग माहिती न जपता सर्व्हर बंद करणं एवढाच मार्ग उरतो. एकसंधपणा आणि थांबवण्याची मुभा दोन्ही पूर्णपणे मिळत नाहीत. आपल्या काट्यावर नियमाची स्क्रिप्ट काहीच लिहीत नाही, फक्त रक्कम परत देते, त्यामुळे ती केव्हाही मारता येते. लुआला 'इतक्या सूचना झाल्या की मला विचार' असा हुक लावता येतो आणि त्यातून चूक फेकून स्क्रिप्ट थांबवता येते. पण स्क्रिप्ट सी-च्या एखाद्या लांबलचक फंक्शनमध्ये अडकली असेल तर हुकला संधीच मिळत नाही, हे लक्षात असू द्या. मेमरीची मर्यादा तुलनेने सोपी. लुआ सगळी मेमरी तुम्ही दिलेल्या फंक्शनकडून मागते, तुम्ही नाही म्हणायचं.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. फाइल, ऑपरेटिंग सिस्टिम आणि पॅकेज या लुआच्या लायब्रऱ्या उघडूच नका. आधीच कंपाइल केलेला बाइटकोड घेऊ नका, कारण वाकडा बाइटकोड इंटरप्रीटर पाडू शकतो. २०२२ मध्ये डेबियनने बांधलेल्या रेडिसमध्ये 'पॅकेज' हे एकच नाव स्क्रिप्टच्या हाताशी राहून गेलं, आणि तेवढ्या फटीतून बाहेर पडून सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता येत होत्या. रेडिसच्या मूळ स्रोतात ती फट नव्हती, बांधणीत आली. पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांनी पायथनच्या बाबतीत याहून प्रामाणिक भूमिका घेतली. पायथनला कोंडून ठेवायचा खात्रीचा मार्ग नाही, म्हणून त्यांच्या पायथनच्या नावाच्या शेवटीच 'अविश्वसनीय' दाखवणारं यू अक्षर आहे, आणि त्यात फंक्शन लिहायचा अधिकार फक्त सर्वाधिकाऱ्याला.

त्यामुळेच पायथन बसवावा का, असं विचारणाऱ्यांना मी आधी विचारतो, स्क्रिप्ट कोण लिहिणार? घरचेच लोक लिहिणार असतील आणि पायथनच्या लायब्रऱ्यांची खरोखर गरज असेल तर जरूर. जीडीबी या डीबगरने २००९ पासून पायथन बसवला आणि डीबगिंगचं रूपच पालटलं. पण पायथन अंगाने मोठा, एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारं त्याचं जागतिक कुलूप अनेक थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये जाच करतं. ३.१२ मध्ये प्रत्येक उप-इंटरप्रीटरला वेगळं कुलूप मिळायची सोय झाली, ३.१३ मध्ये कुलूपच नसलेली प्रायोगिक बांधणी आली, तरी हे सगळं अजून स्थिरावतंय. जावास्क्रिप्ट हवी असेल तर फाब्रिस बेलार यांचं क्विकजेएस पाहावं. छोटं आहे, नेटकं आहे.

आणि काहीच बसवायची गरज नसते अशीही वेळ असते. दरपत्रक निव्वळ तक्ता असेल, माल आणि पार्टी यांच्या जोडीला एक आकडा एवढंच, तर डेटाबेसमधलं टेबल पुरे. तिथे लुआ आणणं म्हणजे उद्या दुरुस्त कराव्या लागणाऱ्या गोष्टींत आणखी एकीची भर. नियमात 'जर' आला की मग या पुस्तिकेकडे वळा.

स्क्रिप्ट आली की ती कोड आहे हे विसरलं जातं, ही माझी सर्वांत जुनी तक्रार. 'दरच तर बदललाय' म्हणून ती गिटमध्ये जात नाही, तिची चाचणी होत नाही, आणि तीन महिन्यांनी पार्टीने जुनी पावती पुढे केली की ती कुठल्या नियमाने निघाली हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पुस्तिकेतल्या काट्याच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पावतीच्या तळाशी नियमाच्या फाइलीचा छोटा हॅश छापला आहे, आणि ती फाइल त्याच नावाने जपून ठेवली आहे. नवा नियम लागू करण्याआधी गेल्या महिन्याच्या सगळ्या नोंदी त्याच्यातून पुन्हा चालवून जुन्या-नव्या रकमांतला फरक दाखवणारी आज्ञाही आहे. कोडच्या दृष्टीने ती चाळीसेक ओळींची, पण काटामालकाला सगळ्यात आधी तीच दाखवावी.

पुस्तिका लुआ ५.४ आणि साधा सी कंपायलर गृहीत धरते. लिनक्स असो की विंडोज, काटा नसेल तरी अडत नाही: दुसऱ्या प्रकरणात इंडिकेटरचं सोंग घेणारा छोटा प्रोग्रॅम दिला आहे. तो खऱ्यासारखाच आधी थरथरणारे आणि मग स्थिर होणारे आकडे पाठवतो. अनेक थ्रेडमधून एकच इंटरप्रीटर वापरणं आणि चालू प्रोग्रॅममध्ये स्क्रिप्ट बदलताना आधीची अवस्था जपणं, हे दोन विषय मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. पहिला सहसा टाळता येतो. दुसऱ्यासाठी पाचव्या प्रकरणाच्या शेवटी एक प्रश्न दिला आहे: रिकाम्या गाडीचा काटा जुन्या नियमाखाली झाला, भरून येईपर्यंत नियम बदलला, तर त्या गाडीला कुठला नियम लावायचा? त्याचं उत्तर कोडमध्ये शोधू नये, काट्यावर जाऊन विचारावं.